मामाची पिकअप : उचलायची की बसवायची?

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक पोल पडला. प्रश्न एवढाच होता, ‘पिकअप : लिफ्ट की लो?’ अकरा जणांपैकी सहा जणांनी लिफ्टला मत दिलं. चौघं म्हणाले लो. आणि एका मावसबहिणीने ‘विकून टाक ना’ लिहून पुढे हसणारी इमोजी टाकली. तिला दोन दिवस कुणी धड रिप्लाय दिला नाही.

कारण ही गाडी मामाची. जुन्नर तालुक्यातलं आमचं आजोळ, समोर टोमॅटोचं शेत आणि दारात ही पांढरी पिकअप, असंच चित्र आम्हा सगळ्यांच्या डोक्यात आहे. २००८ मध्ये मामाने ती घेतली. दिवसा नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला फेऱ्या आणि भाव पडला की रात्री माळशेज उतरून थेट कल्याण किंवा वाशी. सुट्टीत आम्ही सगळी पोरं हौद्यात बसून नदीवर जायचो. तीन वर्षांपूर्वी मामा गेला. तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, सव्वीस वर्षांचा आहे. पुण्यात नोकरी करत होता, आता गावी परत आलाय. त्याला ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पण ‘तशीच नाही, जरा हटके.’ त्याचा फोन रील्सनी भरलेला. एका रीलमध्ये माणसाच्या छातीएवढ्या टायरवर चढवलेला पिकअप चिखल उडवत जातोय, दुसऱ्यात जमिनीला टेकेल इतका खाली बसवलेला पिकअप मुंगीच्या पावलांनी रस्त्यावरून सरकतोय. दादाला दोन्ही आवडतात. गोची तिथेच आहे.

मला इंटर्नशिपमध्ये ‘तरुणाई आणि गाड्यांचं मॉडिफिकेशन’ असा विषय मिळालाच होता. म्हटलं, घरातच स्टोरी आहे, मग बाहेर कशाला शोधा. शनिवारी सकाळची एसटी पकडली आणि गेले.

कॅलिफोर्नियाचं खाली, शेताचं वर

जाताना वाचत गेले. गाडी खाली बसवायचा नाद अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी वाढवला. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या स्वस्तात घ्यायच्या, खाली बसवायच्या आणि रविवारी संथ चालवत मिरवायच्या. बाकी जग वेगामागे धावत असताना यांचा तोरा सावकाश जाण्यात. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून नियमच लावला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगीरे नावाच्या तरुणाने गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की पुन्हा खाली! ते निर्बंध उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं.

उलट बाजूला उंच पिकअप. त्याची मुळं शेतात, बर्फात, चिखलात. खाली दगड लागू नये, मोठा टायर बसावा, म्हणून उंची. म्हणजे खाली बसवणाऱ्यांना ओळख हवी होती आणि वर उचलणाऱ्यांना वाट. आपल्या पिकअपला काय हवंय, हा प्रश्न मला एसटीतच पडला होता. उत्तर मिळालं ते पाटेवाल्या मिस्त्रींकडे.

आधी टेप आणा

नारायणगावच्या अलीकडे एका टिनाच्या शेडमध्ये मिस्त्री गेली तीस वर्षं फक्त पाट्यांचं काम करतात. मामाच्या गाडीचं कामही त्यांच्याकडेच असायचं. त्यामुळे दादाने त्यांनाच घरी बोलावलं होतं. ताडपत्री काढली, दादाने दोन्ही रील्स दाखवल्या. मिस्त्रींनी शांतपणे पाहिल्या आणि म्हणाले, “छान आहे. ताई, जरा टेप आणा.”

चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना माप घेतलं. मागचं ड्रायव्हरकडचं चाक दुसऱ्या बाजूपेक्षा दीड इंचाने खाली होतं. मग त्यांनी दादाला खाली वाकून पाटे बघायला लावले. नवीन पाट्यांना धनुष्यासारखा बाक असतो. आमचे पाटे पार सपाट झाले होते, मागचे तर थोडे उलटेच वळलेले.

“बघ,” मिस्त्री म्हणाले, “तू लो करायचं म्हणतोस. तुझ्या बापाने कधीच केलीय लो. वीस-वीस किलोच्या क्रेटनी.”

दादा हसला नाही. मीही नाही.

उचलली तर?

मग बाजेवर बसून, चहा पीत मिस्त्रींनी सगळं उलगडून सांगितलं. पिकअप उचलायचे रस्ते तीन. पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा घालायचा, पाटा चासीला अडकतो तिथली शॅकल लांब लावायची, किंवा मागच्या अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकून लांब यू बोल्टने आवळायचं. पुढच्या बाजूला मात्र ठोकळा कधीच टाकायचा नाही. तिथे स्टिअरिंग आणि ब्रेकचा ताण येतो, ठोकळा सरकला की खेळ खलास.

पण उंची एकटी येत नाही. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकचे पाईप ताणले जातात. बऱ्याच पिकअपना मागे एक व्हॉल्व्ह असतो, हौदा किती खाली दबलाय त्यावरून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. मागची बाजू नुसती उचलली आणि तो व्हॉल्व्ह पुन्हा सेट केला नाही, तर त्याला वाटतं गाडी रिकामीच आहे. मागे टनभर माल आणि ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा! हेडलाइटही वर जातात, समोरच्याचे डोळे दिपतात. टायर घेरात पाच टक्के मोठा टाकला तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६३ ने पळत असेल.

आणि कलंडणं. हे गणित मी घरी करून पाहिलं. दोन चाकांमधलं अंतर भागिले वजनाच्या मध्यबिंदूच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. समजा अंतर १४० सेंटिमीटर आणि मध्यबिंदू ७० सेंटिमीटरवर, तर उत्तर १. चार इंच उचलल्याने मध्यबिंदू आठ सेंटिमीटर जरी वर गेला, तरी उत्तर ०.९ वर येतं. त्यात हौद्यात क्रेटची थप्पी लागली की आणखी खाली. रात्रीच्या माळशेजच्या वळणावर हा फरक कागदावरचा राहत नाही.

बसवली तर?

खाली बसवण्याचा फायदा खरा आहे. गाडी वळणावर कमी झुकते, रस्त्याला चिकटून चालते. आमच्या गाडीसारखा पाटा अॅक्सलच्या वर असेल तर तो काढून खाली घेतात, की झाली गाडी बसकी. पण मग अॅक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर संपत जातं. रिकाम्या गाडीत एखाद वेळ चालून जाईल, भरलेल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला अॅक्सल रबरावर आपटणार, नंतर थेट चासीवर. आपल्याकडे स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंचीचा असावा असा रस्तेबांधणीचा संकेत आहे. तो संकेत आमच्या गावच्या स्पीडब्रेकरने वाचलेला दिसत नाही.

“खाली बसव,” मिस्त्री म्हणाले, “आणि शोरूमसारखी उभी ठेव. कामाला काढू नको.”

आणि कायदा

दादाचा युक्तिवाद होता, की उंची कुठे आरसीवर छापलेली असते! पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर बंधन घालतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा तरी आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दर वर्षी काढायचं असतं. आमच्या गाडीचं कधीच संपलेलं.

“आरसी आण बघू,” मी म्हटलं. दादा उठला नाही.

मामीच आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आली. मालकाच्या रकान्यात मामाचं नाव होतं. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांच्या आत गाडी नावावर करायला अर्ज करायचा असतो, फॉर्म ३१ भरून. इथे तीन वर्षं झालेली. आरटीओच्या दारात दादा दोनदा जाऊन परत आला होता. “एवढं एकच ठिकाण राहिलंय जिथं बाबांचं नाव चालू आहे,” तो म्हणाला. “बँकेतून गेलं, सातबाऱ्यावरून गेलं.”

तेव्हा मला कळलं, की पोल टाकून, रील्स पाठवून, महिनाभर लिफ्ट की लो चालवून तो काय पुढे ढकलत होता.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. मामीला विचारलं, “वहिनी, तुमचं काय मत?”

मामी म्हणाली, “माझे गुडघे दुखतात. उंच केली तर मला चढता येणार नाही. आणि खाली केली तर माल काय डोक्यावरून नेऊ?”

पोल तिथेच संपला.

उंचीला हात लावण्याआधी

* चारही चाकांवर माप घ्या. गाडी आधीच बसलेली असेल तर तो आजार आहे, स्टाइल नाही.
* वर्षातले किती दिवस गाडी भरलेली चालणार, हे आधी लिहून काढा.
* पाटा गॅसने तापवून बाक देणाऱ्याकडे जाऊ नका. तो मऊ पडतो आणि पुन्हा बसतो.
* पाटे बदलले की यू बोल्ट नवे घ्या, हेडलाइट आणि मागचा ब्रेक व्हॉल्व्ह तपासून घ्या.
* आरसी, फिटनेस आणि विमा आधी, स्पॅनर नंतर.

आता मागचे दोन्ही सेट नवे पडणार आहेत, कंपनीच्या मूळ मापाचे. पुढच्या पाट्यांचे बुश बदलणार. पिकअप साधारण अडीच इंच वर येईल, असा मिस्त्रींचा अंदाज आहे. म्हणजे लिफ्टवाल्या सहा जणांना आम्ही जिंकलो असं म्हणायला हरकत नाही. हटके म्हणाल तर रिम काळ्या होणार आणि फळीवरची मामाने रंगवून घेतलेली कमळं पुसायची नाहीत, एवढंच ठरलंय.

सोमवारी दादा आरटीओत गेला. तिसऱ्यांदा. दुपारी ग्रुपवर फक्त एक फोटो आला : भरलेला फॉर्म ३१, अर्जदाराच्या जागी त्याचं नाव. मराठीत नाव लिहिताना मधलं नाव वडिलांचंच येतं. खाली पहिला रिप्लाय ‘विकून टाक’वाल्या बहिणीचा होता. ‘दिवाळीला हौद्यात जागा ठेव.’