पायवाटेखालचा समुद्र

डोंगरावरच्या पायवाटेने चालताना ‘तुम्ही समुद्राच्या तळावर उभे आहात’ असे कोणी सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल का? इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशायर हा एक शांत परगणा आहे. तेथील वेनलॉक एज या झाडीने झाकलेल्या लांबच लांब डोंगरधारेवर ही गोष्ट अगदी खरी आहे.

वाटेकडेचा करडा दगड भिंगातून पाहा. हा चुनखडक. त्यात प्रवाळांची जाळी दिसते, लहान लहान शिंपले दिसतात, समुद्रकमळांच्या देठांच्या बारीक चकत्याही दिसतात. हे सारे समुद्रातले जीव डोंगरावर आले कसे?

सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, एका उबदार व उथळ समुद्राखाली होता. तेथे प्रवाळ वाढले. मेलेल्या जीवांची कवचे थरावर थर साचली आणि त्यांचाच चुनखडक झाला. पुढे ही जमीन हळूहळू उत्तरेकडे सरकली, वर उचललीही गेली. शेजारचे मऊ खडक पावसापाण्याने लवकर झिजले. कठीण चुनखडक मात्र धारेसारखा उभा राहिला!

रॉडरिक मर्चिसन या भूवैज्ञानिकाने हा सीमाभाग हिंडून येथील थरांचा क्रम लावला आणि १८३५ साली त्या कालखंडाला ‘सिल्युरियन’ हे नाव दिले. त्यातल्या एका भागाला आज जगभर ‘वेनलॉक’ म्हणतात.

इंग्लंडमधल्या अशा कितीतरी पायवाटा खासगी शेतांतून जातात. मग मालक अडवत नाही का? नाही! जमीन कोणाचीही असो, सार्वजनिक पायवाटेवरून चालणे हा तेथे प्रत्येकाचा कायदेशीर हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने या वाटांची नकाशावर नोंद करण्याचे काम परगण्यांच्या कौन्सिलांवर सोपवले. पिवळा बाण पादचाऱ्याला वाट दाखवतो आणि कुंपण आडवे आले, तर ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात.

या हक्कामुळेच दगडांचे हे पुस्तक शाळकरी मुलालाही उघडून पाहता येते. पण पाने फाडायची नाहीत हं! हातोडी घरी ठेवा, भिंग आणि वही बरोबर घ्या. प्रत्येकाने एकेक प्रवाळ फोडून नेला, तर मागून येणाऱ्यांना काय दिसेल? हा खडक बनायला लाखो वर्षे लागली. फोडायला एक घाव पुरतो.