पवनीचे दगड गोंदियात आणायचे तर?

मागच्या भागानंतर गोंदियाच्याच एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. त्याचा प्रश्न असा: "दादा, पवनीत विद्यापीठानं खोदकाम केलं. आपली कॉलेजं त्याच विद्यापीठाची. मग त्या वस्तूंचं प्रदर्शन महिनाभर आमच्या कॉलेजात का नाही लागत?"

खरं सांगतो, मला वाटलं होतं की उत्तर सोपं असेल. टेम्पो करा, हॉल घ्या, झालं. वाचायला बसलो आणि दोन रविवार त्यातच गेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६९-७० मध्ये वैनगंगेकाठच्या पवनीत नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. स्तूपाभोवतीच्या कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी एक खांब दिला आणि त्यावर आपलं नाव घातलं, अगदी आज देवळाच्या पायरीवर घालतात तसंच. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे श्रोत्याचा हक्क सांगणं काही चुकीचं नाही.

आता प्रदर्शन. विद्यापीठाच्या संग्रहालयातली वस्तू हलते ती आधी कागदावर. प्रत्येक वस्तूला एक नोंदणी क्रमांक असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की. तो चुकला की वस्तू कपाटात असूनही हरवलेलीच समजा. या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय, देशातली मोठी संग्रहालयं ते वापरतात. त्यानंतर येतो अवस्था-अहवाल: निघण्याआधी प्रत्येक तडा, प्रत्येक टवका फोटोसकट लिहायचा. पोचल्यावर पुन्हा, परतल्यावर पुन्हा. भाड्यानं गाडी घेताना आपण चारही बाजूंनी व्हिडिओ काढतो ना, तेच. विमा आणि उसनवारीचा करार यावरच उभे असतात.

खरी गंमत हवेत आणि उजेडात आहे.

नागपूरजवळच्या माहुरझरीचं उदाहरण घ्या. तिथल्या महापाषाणयुगीन दफनांत लोखंडी वस्तूही मिळाल्या आणि घोड्यांची हाडंही. एकाच दफनातलं म्हणून एकाच काचपेटीत ठेवावंसं वाटतं. पण लोखंडाला एकदम कोरडी हवा लागते, नाहीतर गंज पुन्हा जागा होतो. आणि हाड फार कोरडं पडलं की तडकतं. म्हणून दोन वेगळ्या पेट्या. लोखंडाच्या पेटीत सिलिका जेल, बुटांच्या खोक्यात निघते ना ती पुडी, तिचाच मोठा भाऊ. आपल्याकडे जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. अशा हवेत साधी कपाटं लावून प्रदर्शन भरवणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

उजेडाचं गणित तर मला फारच आवडलं. कागद, कापड, जलरंग यांसाठी साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात. रोज ८ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. मी फोनवरच्या ॲपनं माझ्या खोलीत खिडकीपाशी मोजलं, हजाराच्या वर आकडा आला. ॲपचा आकडा ढोबळ असतो, तरी हिशेब बघा: १,००० लक्सला तीन महिन्यांचा कोटा साडेचार दिवसांत संपतो. आणि उडालेला रंग परत येत नाही, इथे अनडू नाही. म्हणून तर संग्रहालयात अंधार अंधार वाटतो. मी आजवर समजत होतो, वीजबिल वाचवतात.

दगडाला उजेडाचं काही नाही. त्याचा प्रश्न वजनाचा. खांब उचलताना तो दोरीनं नुसता लटकावायचा नसतो, खालून पूर्ण आधार लागतो. ठेवायच्या जागी फरशी ते वजन पेलेल का, हे इंजिनिअरला विचारावं लागतं. सिव्हिलच्या, माझ्यासारख्याला नाही.

शेवटी राहते पाटी, आणि तिच्यावर मात्र माझा राग आहे. एका ठिकाणी मी नुसतं "दगडी स्तंभ" एवढंच वाचलंय. अरे बाबा, स्तंभ आहे हे दिसतंय मला! त्यावर कुणाचं नाव कोरलंय ते सांगा. पन्नास-साठ शब्द पुरतात, अक्षर मोठं हवं आणि म्हातारी माणसंही न वाकता वाचतील अशा उंचीवर.

मग श्रोत्याला उत्तर काय? माझं मत: मूळ खांब हलवू नयेत. लेखांचे ठसे आणावेत. अभिलेखाचे अभ्यासक दगडावर ओला कागद ब्रशनं ठोकून बसवतात आणि वरून शाई फिरवतात, कोरलेली अक्षरं पांढरी उठतात. असे नवीन ठसे, सोबत मोठे फोटो आणि वाचन, इतकं सामान एका बॅगेत विदर्भ एक्सप्रेसनं येईल. खऱ्या दगडासमोर उभं राहण्याची मजा त्यात नाही, मान्य. पण महिनाभर पोरं त्या नावांपुढे उभी तर राहतील.

नागपूरला विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला पाठवायच्या विनंतीपत्राचा मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्याला हवाय त्यानं मेसेज करा. फक्त ते कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं जायला हवं. माझी सही तिथे चालणार नाही.