गंजावर गादी नको

आपल्या कुटुंबांत जुन्या वस्तूंचा सांभाळ हा घराच्या रीतीचाच एक भाग असतो. आजीचा पितळी डबा आणि वडिलांचें भिंतीवरील घड्याळ यांच्या पंक्तीस आतां कांहीं घरीं पहिली मोटारहि येऊन बसली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट किंवा पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, अथवा १९४७ पासून महिंद्रांच्या कारखान्यांत जोडली जाऊं लागलेली जीप, यांपैकीं एखादी गाडी पडवींत कापडाखालीं झांकलेली असते. पद्मिनी या शतकाच्या आरंभीं बंद झाली, ॲम्बॅसडर २०१४ सालीं थांबली. तेव्हां आहे ती गाडी टिकविणें हाच मार्ग उरतो. तरुण मंडळी ती पुन्हां चालती करावी असा आग्रह धरतात, तर वडील माणसें विचारतात, "त्या तापल्या डब्यांत बसणार कोण?" दोघांचेंहि समाधान करतां येतें, मात्र त्यासाठीं कामाचा क्रम सांभाळावा लागतो, आणि बहुधा चुकतो तो क्रमच.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशाचें (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) हवामान मोटारीस दोन्ही बाजूंनीं छळतें. मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींतील हवा बाहेरच्या हवेहून वीस अंशांनीं तरी अधिक तापते. लगेच पाऊस येतो, तो वर्षाकाठीं सरासरीनें बाराशें मिलिमीटरांच्या वर. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला म्हणजे रस्ताच पाण्याखालीं जातो. अशा पाण्यांतून निघालेल्या गाडीच्या पोकळ भागांत चिखल राहतो, आणि चिखल ओल धरून ठेवतो. चंद्रपूर शहरांत त्यांत कोळशाची धूळ व गंधकयुक्त धूर यांची भर पडते. उष्णतेसाठीं पत्र्यावर अस्तर हवें, आणि ओलीसाठीं पत्रा मोकळा हवा, असा हा पेंच आहे.

गंज म्हणजे काय हें या भागांतील लोकांस चटकन् पटेल. सुरजागडच्या डोंगरांतील लोहखनिज म्हणजे लोखंड व प्राणवायु यांचा संयोग होय. गंजांत त्याला पाण्याची जोड मिळते, इतकेंच. भट्टीनें मोठ्या कष्टानें सोडविलेलें लोखंड संधि मिळतांच पुन्हां मूळ अवस्थेकडे वळतें. गंज लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. आणि तो सच्छिद्र असल्यानें आंतल्या धातूचें रक्षण न करतां उलट ओल शोषून धरतो.

फियाट व ॲम्बॅसडर यांना जीपप्रमाणें वेगळी चौकट नाहीं. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या व छत मिळूनच त्यांचा सांगाडा होतो. तळ कुजला म्हणजे बैठक ज्याला जखडलेली असते तो आधारच ढिला पडतो. वरून पुट्टी भरून व चकचकीत रंग देऊन अशी गाडी नवी दिसूं लागेल. परंतु तींत आपलीं मुलें आणि वृद्ध माणसें बसणार आहेत, हें विसरतां कामा नये.

म्हणून पहिलें काम पाहण्याचें. बैठका, गालिचे व जुना नमदा काढून टाकावा. पायाखालचा पत्रा, डिकींतील चाकाचा खळगा, दारांचे तळ, कांचांच्या रबराखालची कड आणि बॅटरीखालची जागा लहान हातोडीनें ठोकून पाहावी. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. पेंचकस टोंचला असतां तो आंत जातो. असा भाग निरोगी धातूपर्यंत कापून तेथें तितक्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें जोडावा. तत्पूर्वीं बॅटरी सोडून पेट्रोलची टाकी बाहेर काढणें अत्यावश्यक आहे.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरनें घांसून काढावा. खांचांत जो उरतो त्यास फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचें तयार द्रावण लावतात. टॅनिक आम्लाचा गुण आपल्या रानांतील हिरड्यांतहि आहे. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई होते ती याच क्रियेनें. अशा द्रावणानें गंजाचें एका स्थिर संयुगांत रूपांतर होतें. मात्र पापुद्र्यांनीं सुटलेला जाड गंज त्यानें बरा होत नाहीं. पत्रा पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्राइमर द्यावा, सांधे भरावे, मग रंग. पोकळ पट्ट्यांत शेवटीं मेण फवारावें, आणि पाणी निथळण्याचीं छिद्रें मोकळीं आहेत ना, हें पाहावें.

एवढें झाल्यावरच अस्तराचा विचार करावा. ॲल्युमिनियमचा वर्ख असलेल्या चिकट रबरी पट्ट्या पत्र्याची थरथर व आवाज थांबवितात. उष्णता त्या फारशा अडवीत नाहींत. प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागीं, सुमारें चतुर्थांश जागेवर त्या लावल्या तरी पुरतें. डांबरी चकत्या आमच्याकडील उन्हांत मऊ होऊन वास मारतात. उष्णतेसाठीं पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्यावा. नमदा, गोणपाट किंवा साधा स्पंज यांनीं एकदां पाणी प्यालें म्हणजे तें महिनोन्महिने पत्र्याला चिकटून राहतें. फोम प्रथम छतास लावावा, कारण सूर्य तेथूनच तापवितो. नंतर इंजिनामागील पत्रा व तळ. इंजिनाकडील वर्खापुढें थोडी हवेची पोकळी असली तरच तो उष्णता परत फेंकतो. पोकळ पट्ट्यांत फुगणारा फोम मात्र कधींहि भरूं नये, आणि गालिचा चिकटवूं नये.

काळाचाहि विचार हवा. पावसाळ्यांत उघडा पत्रा कांहीं तासांतच लालसर होतो, आणि मे महिन्यांत तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरत नाहीं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवितां येते. अशी गाडी नित्य वापरासाठीं मात्र रस्त्यावर आणतां येत नाहीं. त्या दृष्टीनें पाहतां, पुढें काढतां येईल असेंच अस्तर करणें शहाणपणाचें.

दसऱ्यास आपण वाहनाची पूजा करतों, आणि तेव्हां पावसाळाहि नुकताच सरत असतो. त्या दिवशीं हार घालण्यापूर्वीं घरांतील कोणीं तरी गालिचा उचलून पत्र्यावरून हात फिरवावा. हात कोरडा निघाला तर पूजा निश्चिंत मनानें करावी. ओला निघाला तर गाडी आधीं उन्हांत उघडी ठेवावी आणि पाणी कोठून आलें तें शोधावें.