गाडीचा गंज निघाला, धूळ कोणाच्या पोटात गेली?

दसरा जवळ आला की आपल्या मारेगावात डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे गर्दी होते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, वणीकडून कोळसा वाहणारे ट्रक, एखादी वडिलोपार्जित जीप. सगळ्यांना नवा रंग हवा असतो. पण नवा रंग टिकायचा तर जुना रंग आणि गंज पार पत्र्यापर्यंत काढावा लागतो. मालकाला त्याचे बिल लगेच मिळते. काम करणाऱ्याच्या शरीराला लागणारे बिल मात्र उशिरा येते, आणि ते बहुधा आमच्या दवाखान्यात येते. आज त्याविषयी लिहितो आहे. यात माझी स्वतःचीही एक चूक आहे, ती आधी सांगतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या वडिलांची जुनी जीप मी एका पेंटरकडे दिली. माणूस तिशीतला, हात सफाईचा. त्याच सुमारास तो माझ्याकडे पोटदुखीसाठी येऊ लागला. पोटात पीळ पडतो, शौचाला साफ होत नाही, अंगात त्राण नाही, अशी तक्रार. मी ॲसिडिटीची गोळी दिली, जंताचे औषध दिले, तिखट आणि खर्रा बंद करायला सांगितले. तीन महिन्यांत तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी त्याचे पोट तपासले. रोज काय काम करतोस, कसे करतोस, हे एकदाही विचारले नाही. वास्तविक माझीच गाडी त्याच्याकडे होती.

एका संध्याकाळी जीप कुठवर आली ते पाहायला त्याच्याकडे गेलो. घर आणि कामाची जागा एकच. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तो दरवाजा घासत होता. तोंडाला दुपट्टा. वरचा हिरवा रंग गेला होता, खालचा पिवळट थर निघत होता आणि त्याखाली शेंदरी प्रायमर दिसू लागला होता. हवेत धूळच धूळ. चार हातांवर त्याची तीन वर्षांची मुलगी फरशीवरच्या त्या धुळीत बोटाने रेघोट्या मारत होती, आणि मधूनच ते बोट तोंडात घालत होती.

"अरे, लेकराला आत ने," मी म्हणालो.

"काही नाही होत जी डॉक्टरसाहेब, रोजचंच हाये," तो म्हणाला.

तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीची पापणी ओढून पाहिली, पांढरी फटक. दोघांचे रक्त नागपूरला पाठवले. दोघांच्याही रक्तात शिसे निघाले, मर्यादेच्या कितीतरी वर. ही करणी एकट्या माझ्या जीपची नव्हती. कित्येक वर्षांच्या ट्रक-ट्रॉल्यांची धूळ त्यात होती. पण माझ्या जीपचीही भर होतीच.

शेंदूर म्हणजे शिसे

देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. लोखंडाला गंज चढू नये म्हणून याच शेंदराचा प्रायमर पूर्वी सर्रास वापरत. आज मिळणारा तांबूस 'रेड ऑक्साइड' बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो वेगळा. पण जुन्या गाडीत खालचा थर कशाचा आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. भडक पिवळ्या आणि नारिंगी रंगांतही शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो भिंतींच्या रंगांसाठी आहे, गाड्यांच्या नव्हे. आणि जुन्या थरांना तर कोणताच नियम मागे जाऊन लागू होत नाही.

शिसे शरीरात शिरले की रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणते. म्हणून पांडुरोग होतो. पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. प्रमाण फार वाढले तर मनगट लुळे पडते. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ उमटते, पण खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात ती शोधणार कशी?

लहान मुलांचे प्रकरण याहून गंभीर आहे. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या मानाने मूल चार-पाच पट शोषून घेते. ते वाढत्या मेंदूवर परिणाम करते. लक्ष लागत नाही, शिकण्यात मूल मागे पडते, चिडखोर होते. शाळेत 'ढ' म्हणून शिक्का बसतो आणि कारण कोणाला कळत नाही. जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम (एका डेसिलिटरमागे) किंवा त्याहून जास्त असावे, असा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला. त्या पातळीला कारण शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालीही 'सुरक्षित' अशी पातळी माहीत नाही.

आणि हे शिसे बापाच्या कपड्यांवरून, केसांवरून, चपलांवरूनही घरात येते. ते कपडे झटकणारी आई गरोदर असेल तर पोटातल्या बाळालाही पोचते.

इतर पद्धतीही निर्धोक नाहीत

वाळूचा मारा करून पत्रा साफ करतात. वाळूतील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथे कायमचे व्रण करते. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि क्षयाला आमंत्रण देतो. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी वाळू १९४९ मध्येच बंद केली. जीन्सच्या कापडावर वाळू मारणारे तरुण कामगार दगावू लागल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये त्या कामावर बंदी घातली.

रंग फुगवून काढणाऱ्या काही पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत किंवा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते. माणूस गुंगून पडतो, आणि शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हृदयविकार असलेल्याने तर तिच्या जवळही जाऊ नये. अमेरिकेत २०१९ पासून अशा रिमूव्हरची सामान्य ग्राहकांना विक्री बंद आहे.

गंजासाठी वापरायचे आम्ल डोळ्यांत उडाले तर ताबडतोब नळाखाली किंवा तांब्याने सतत १५-२० मिनिटे डोळा धुवावा, मगच डॉक्टर गाठावा. ग्राइंडरचा लोखंडी कण बुबुळात रुतला तर काही तासांतच त्याभोवती गंजाचे कडे तयार होते. म्हणजे डोळ्यालाही गंज चढतो! काडीला कापूस गुंडाळून मित्राकडून तो काढून घेऊ नये. नेत्रतज्ज्ञाकडेच जावे.

काही गैरसमज

*गंज लागला की धनुर्वात होतो.* धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंजात नव्हे. जखम खोल आणि मळकी असली म्हणजे धोका. ती साबण-पाण्याने धुवावी. आधीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे झाली नसतील तर प्रत्येक ओरखड्याला सुई लागत नाही.

*गूळ खाल्ला की धूळ निघून जाते.* गूळ जरूर खावा, पण तो पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात.

*दुपट्टा बांधला की झाले.* दुपट्टा उन्हासाठी ठीक. बारीक धूळ त्यातून आरपार जाते.

मग करायचे काय?

१. कोरडे घासू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा. विजेच्या ग्राइंडरवर मात्र पाणी नको. ब्लो लॅम्पने जुना रंग जाळू नका, त्या धुरातही शिसे असते.

२. धुळीसाठी एन-९५ मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. करोनाने तो सर्वांच्या ओळखीचा केला आहे. थिनर-रिमूव्हरची वाफ मात्र त्याने अडत नाही. थिनरच्या वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क आणि उघडी हवा लागते; मिथिलीन क्लोराइडच्या वाफेला मात्र तो मास्कही पुरत नाही.

३. डोळ्यांना चष्मा, नेहमी.

४. हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय जेवण, बिडी, खर्रा नको. धुळीच्या हाताने घोटलेला खर्रा म्हणजे शिशाचा घास.

५. कामाचे कपडे कामावरच बदला, वेगळे धुवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती धूळ विहिरीजवळ वा शेतात टाकू नका.

६. लेकरांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवा. मुलांना पोटभर जेवण, दूध, पालेभाजी द्या. उपाशी पोटी आणि लोह-कॅल्शियम कमी असताना शिसे जास्त शोषले जाते. पण दूध प्यायले म्हणून धूळ चालेल असे नाही.

७. हे काम करणाऱ्याने पोटदुखी घेऊन डॉक्टरकडे जाताना आपला धंदा आधी सांगावा. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगावा.

गाडीमालकांनाही विनंती. घाई करू नका, आणि भाव ठरवताना मास्क आणि चष्म्याचे पैसे त्यात धरा. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस हे डॉक्टरने कळवायचे रोग ठरवले, पण घरामागच्या छपराला कारखाना कोण म्हणणार? तिथे आपणच निरीक्षक.

त्या पेंटरने घासायचे काम घरापासून दूर, एका उघड्या शेडमध्ये हलवले. संपर्क तुटणे हाच शिशावरचा पहिला उपचार. औषधे फार वरच्या पातळीला, रुग्णालयातच द्यावी लागतात. त्याची पोटदुखी थांबली. मुलीच्या रक्तातले शिसे दुसऱ्या तपासणीत उतरले, लोहाच्या औषधाने चेहऱ्यावर रंगही आला. हाडांत साठलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे हळूहळू रक्तात उतरत राहते, म्हणून तपासण्या चालू आहेत. मधल्या काळात तिच्या मेंदूचे काय नुकसान झाले, ते कोणतीही रक्ततपासणी सांगत नाही.

जीप रंगून घरी आली. लोक कौतुक करतात. मी मात्र आता प्रत्येक पोटदुखीवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, "काम काय करता?"