ऊब, गारवा आणि हवेची वाट

श्रोतेहो, कोल्हापूरच्या जुन्या घरांत ऊब आणि गारवा यांची सोय अगदी साधी असे. परसात तांब्याचा बंब धुमसे आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठ झिरपे. बंबाची राख काढायची, माठ घासायचा, एवढीच काय ती देखभाल; ती घरातल्या पोरासोरांच्याही हातची होती. आता राजारामपुरी असो, ताराबाई पार्क असो की गावाबाहेरची नवी वसाहत असो, बंबाच्या जागी गीझर आला आहे आणि पुष्कळ घरांच्या भिंतीवर एअरकंडिशनर चढला आहे. त्यांच्या देखभालीला कारागीर बोलवावा लागतो. तो येतो, काही उघडतो, काही झाकतो, पैसे घेतो आणि जातो. घरधनी मात्र होता तेवढाच अडाणी राहतो.

मी काही कारागीर नव्हे. शिकवणे हा माझा व्यवसाय. पण शेजारीपाजारी आणि सहकारी जे प्रश्न विचारतात, ते पाहता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर एका उलट प्रश्नात सापडते : या यंत्राला हवेची वाट मोकळी आहे का?

पहिला प्रश्न सगळ्यांचाच. ‘दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतो का हो?’ नाही. एअरकंडिशनर थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते आणि आतले पाणी गार होते. तोच न्याय इथे आहे. यंत्रातला द्रव आतल्या नळ्यांत वाफ होताना खोलीची उष्णता शोषतो. मग काँप्रेसर त्या वाफेला दाबतो आणि बाहेरच्या नळ्यांत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. हे चक्र बंद नळीत चालते. तो गॅस म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरातले इंधन नव्हे, की जळला आणि संपला. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. तेव्हा कारागिराला सांगावे, ‘आधी गळती शोधा, ती बुजवा, मग गॅस भरा.’ नुसता गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

पुष्कळदा मात्र गॅस पुरेसा असतो आणि जाळीवर धुळीचा थर बसलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हवा आतच शिरली नाही तर गार होऊन बाहेर काय येईल? ती जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला काढून धुवावी; त्याला कारागीर लागत नाही. बाहेरच्या पेटीकडेही बघावे. दिसायला बरी नाही म्हणून काही जण ती अरुंद बोळात कोंडतात किंवा तिच्यापुढे अडगळ रचतात. मग तिने सोडलेली गरम हवा तीच पुन्हा ओढते, आणि वीजबिल मात्र वाढते.

दुसरा प्रश्न : ‘आतल्या पेटीतून पाणी ठिबकतंय, गॅस गळतोय का?’ ते पाणी गॅसचे नव्हे, खोलीतल्या हवेचे आहे. गार तांब्याच्या बाहेर दव धरते ना, तसेच ते धरते आणि एका नळीवाटे बाहेर जाते. नळी तुंबली की ते भिंतीवर उतरते. एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या विलिस कॅरिअर याने १९०२ साली आपले पहिले यंत्र आखले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची छपाई जुळेना. हवेतला ओलावा काढणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे पाणी बाहेर काढणे हे या यंत्राचे जन्मापासूनचे काम आहे. नळ्यांवर बर्फ धरू लागला तर मात्र यंत्र बंद करून आधी जाळी पाहावी. ती स्वच्छ असूनही बर्फ धरला तर कारागीर बोलवावा.

‘कूलर घ्यावा की एसी?’ हाही नेहमीचा प्रश्न. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उत्तम काम देतात, कारण कोरडी हवा पाणी झटकन पिते. आपल्याकडे कोरड्या दुपारी कूलर चालेल. पण वळीव पडून गेला, पुढे पावसाळा लागला, की आधीच ओल्या हवेला तो आणखी पाणी पाजतो आणि अंगाला नुसता चिकटा येतो. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. हे उलटे केले की दोन्ही यंत्रे नावे ठेवून घेतात.

काही जण खोली लवकर गार व्हावी म्हणून काटा एकदम अठरावर नेतात. त्याने खोली लवकर गार होत नाही. यंत्र फक्त अधिक वेळ राबत राहते. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात खोलीचे एअरकंडिशनर कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. काटा एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे.

आता जो प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत आधी विचारायला हवा, तो घेतो. गॅस गीझर न्हाणीघरात लावावा का? श्रोतेहो, लावू नये. गॅस जळायला प्राणवायू लागतो. चार फूट बाय सहा फुटांच्या कोंदट न्हाणीघरात, थंडी लागते म्हणून झरोकाही बंद केला, तर प्राणवायू लौकरच कमी पडतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. या विषारी वायूत तसे काही नसते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पायांतले बळ जाते. धोका उमगेपर्यंत कडीपर्यंत हात पोहोचत नाही, आणि दार तर आतून लावलेले!

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि त्याचा धूर नळीने घराबाहेर काढावा. तो आत बसवलेला असेल तर बाहेर हलवून घ्यावा. तोवर झरोका उघडा ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, थोडे थांबावे आणि मगच आंघोळीला जावे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर वापर थांबवून कारागीर बोलवावा. आत कोणी बराच वेळ ओ देत नसेल तर दार तोडावे, गॅस बंद करावा, माणसाला उघड्यावर आणावे आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हेही तितकेच घातक. आपला जुना बंब परसात होता आणि त्याला धुराडे होते, हे त्याचे भाग्य. खरे म्हणजे आपले.

विजेच्या गीझरला धूर नाही, पण तिथे दुसरी वाट पाहावी लागते : विजेची. अर्थिंग नीट आहे ना, आणि गळती होताच प्रवाह तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे स्वयंचलित बटण बसवले आहे ना, हे तंत्र्याकडून तपासून घ्यावे. गीझरच्या झडपेतून पाणी ठिबकते म्हणून तिला बूच मारू नये. वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो. बोअरचे जड पाणी असेल तर आतल्या तापत्या कांडीवर क्षार बसतात. ते वेळोवेळी काढून घ्यावेत.

आपल्या गावाचा म्हणून आणखी एक प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी किती घरांत शिरले, हे सांगायला नको. पुरात बुडालेले यंत्र वरून वाळलेले दिसले तरी बटण दाबून पाहू नये. आत गाळ आणि ओल राहते. मुख्य बटण बंद ठेवून तंत्र्याकडून तपासणी झाल्यावरच ते चालू करावे.

कारागीर दाराशी आला म्हणजे त्याला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. बिघाडाचे कारण काय? ते कारण दूर केले, की नुसता परिणाम? आणि हवेची, पाण्याची, विजेची वाट पुरेशी व सुरक्षित आहे ना? चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात. ज्याला आवडणार नाहीत, त्याला पुढच्या खेपेस बोलावण्याचे कारण उरत नाही.