प्रवाळकुंडातील प्रकाशाचे वेळापत्रक

प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म सहजीवी शैवले प्रकाशसंश्लेषणाने जे अन्न निर्माण करतात, त्यावर बहुतेक उथळ पाण्यातील प्रवाळांचे पोषण मुख्यतः अवलंबून असते. त्यामुळे घरगुती कुंडात प्रकाश जितका अधिक तितका हितकर, असा समज होतो. परंतु तो यथार्थ नव्हे. विशिष्ट तीव्रतेपलीकडे प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढत नाही. उलट अतिरिक्त ऊर्जेमुळे ऑक्सिजनची क्रियाशील रूपे निर्माण होऊन शैवलांस इजा पोचते, प्रवाळ त्यांस गमावतो व पांढरा पडतो. यासच विरंजन म्हणतात. ते टिकून राहिल्यास प्रवाळ उपासमारीने मरतो.

उष्णकटिबंधात दिवस सुमारे १२ तासांचा असला, तरी ऊन प्रखर असते ते मध्याह्नाच्या आसपासच. साधा दीप मात्र लागताक्षणीच पूर्ण तेजाने प्रकाशतो. यास्तव पूर्ण प्रकाश सुमारे ८ तास ठेवून त्याच्या आधी व नंतर एकेक तास मंद निळा प्रकाश द्यावा, आणि रात्री अंधार राखावा. नवा दीप बसविल्यास आरंभी तीव्रता निम्मी ठेवून ती ३-४ आठवड्यांत क्रमाने वाढवावी. त्या अवधीत तास बदलू नयेत. दोन्ही एकदम बदलल्यास प्रवाळ फिका पडण्याचे कारण निश्चित करता येत नाही.