रणगाड्याची वैरीण

लोखंडी पट्ट्यांवर चालणारे प्रत्येक लष्करी वाहन म्हणजे रणगाडा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भोपाळला बैरागढच्या वाटेवर सैन्याच्या गाड्या दृष्टीस पडत असूनही ती सुटत नाही. 'नामिका' ही अशीच पट्ट्यांवरची गाडी. पण ती रणगाडा नसून त्याची वैरीण होय. 'नाग' नावाचे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र वाहून नेणे व डागणे हे तिचे कार्य.

१९८३ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली जो क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यातील पाच क्षेपणास्त्रांपैकी 'नाग' हे एक. पृथ्वी, अग्नी, आकाश आणि त्रिशूळ ही त्याची भावंडे. नामिकेचा सांगाडा बीएमपी-२ या चिलखती वाहनावर आधारलेला असून ती पाण्यातूनही तरून जाते. तोफेच्या जागी सहा क्षेपणास्त्रांची पेटी असते. ती एरवी खाली दडवून ठेवतात व डागतेवेळी वर उचलतात.

प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी या गाडीची प्रतिकृती करताना आमचा सर्वाधिक वेळ या पेटीच्या बिजागरीनेच खाल्ला. सहाही नळ्या बसविल्या की पेटी पुढे कलंडे! अखेर मागील बाजूस जड ठोकळे भरून तोल साधला.

आता मुख्य प्रश्न असा की, चाळीस-पन्नास टनांचा रणगाडा पन्नास किलोंहूनही हलक्या अस्त्राने कसा फुटावा? रणगाड्याचे जाड चिलखत समोर असते, माथा त्या मानाने पातळ. आणि 'नाग' उंच चढून नेमका माथ्यावर झेपावतो. पूर्वीच्या क्षेपणास्त्रांत आघात होईपर्यंत सैनिकाला नेम धरून बसावे लागे, तोवर शत्रूला त्याचा ठाव लागे. 'नाग' मात्र सुटण्यापूर्वीच लक्ष्याचे उष्णताचित्र टिपतो व पुढचा मार्ग आपला आपण काढतो. गाडी तत्काळ जागा बदलण्यास मोकळी.

घोडे अडले ते येथेच. राजस्थानच्या उन्हाळ्यात भर दुपारी वाळूही रणगाड्याइतकीच तापते. मग उष्णताचित्रात शत्रू ओळखावा कसा? त्यासाठी अधिक तीक्ष्ण 'डोळा' घडवावा लागला. जुलै २०१९ मध्ये पोखरण येथे दिवसा व रात्रीही चाचण्या यशस्वी झाल्या, आणि २२ ऑक्टोबर २०२० रोजी तेथेच नामिकेवरून अखेरची चाचणी पार पडली. आरंभापासून तब्बल ३७ वर्षे!

'नागा'चा पल्ला सुमारे चार किलोमीटर. आमची प्रतिकृती मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची आहे. त्याच प्रमाणात शत्रूचा रणगाडा मांडावयाचा, तर तो तिच्यापासून ११४ मीटर दूर ठेवावा लागेल, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर.